हरकतीचा आठवडा

आमच्या नेटवर्कवर एक नियम आहे आणि त्याच्यावर सगळेच चिडतात. इथून काहीही काढून मुख्य साखळीवर न्यायचं असेल, तर आठवडाभर थांबावं लागतं. त्या आठवड्यात काय होतं? काहीही होत नाही. कुणाला नोंदींत खोट दिसली तर त्यानं हरकत घ्यावी, एवढ्यासाठी ती मुदत. कुणी घेत नाही. आठवडा संपतो, नोंदी पक्क्या होतात आणि लोक आमच्या नावानं बोटं मोडत आपापलं घेऊन जातात.

परवा पुण्याच्या ऑफिसात नवीन आलेल्या एका सहकारी बाईंनी मीटिंगमध्ये सरळच विचारलं, की आपलं काम सुरू झाल्यापासून एकदा तरी कुणी हरकत घेतली आहे का? घेतली नव्हती. मग हा आठवडा एका दिवसावर आणला तर बिघडलं कुठं, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न बिनतोड होता. प्रत्येकानं आपलं मत लिहून पाठवावं असं ठरलं आणि मीटिंग संपली. मी सांगलीत घरी बसून काम करते. माझ्या खिडकीतून शेजारच्या व्यापाऱ्याची बेदाण्याची खोकी दिसतात. त्या खोक्यांकडे बघत बसले आणि मला आमच्या माण तालुक्यातलं बिरोबाचं देऊळ आठवलं. हसू नका, खरंच आठवलं.

आधी माझं काम काय ते सांगते. आमच्या धंद्यातल्या लोकांना सोपं बोलायची लाज वाटते, मला वाटत नाही. ब्लॉकचेन म्हणजे जगभर पसरलेल्या हजारो संगणकांनी मिळून सांभाळलेल्या नोंदी. पुण्यातल्या कुणी दुबईतल्या कुणाला काही पाठवलं, तर ती नोंद त्यातला प्रत्येक संगणक तपासतो. सगळ्यांनी तपासलेली म्हणून ती खोडता येत नाही. पण सगळ्यांनी तपासायची म्हणूनच ती सावकाश होते. गर्दी वाढली की रांग लागते, शुल्क चढतं, आणि चहाच्या कपाएवढ्या व्यवहारासाठी जेवणाएवढा खर्च येतो. मग आम्ही काय करतो, तर मुख्य साखळीच्या वर दुसरा थर उभारतो. त्याला लेअर टू म्हणतात. किरकोळ व्यवहार तिथं बाहेरच्या बाहेर पटापट करायचे, त्यांचं गाठोडं बांधायचं, आणि मुख्य साखळीवर फक्त त्या गाठोड्याचा मेळ लिहायचा. हजार जणांचं ओझं एकाच खेपेत जातं, म्हणून साखळी मोकळी राहते आणि खर्च सगळ्यांत वाटला जातो.

हे मी कॉलेजात शिकले नाही असं म्हटलं तर शिक्षकांवर अन्याय होईल. पण पहिल्यांदा जेव्हा हे वाचलं, तेव्हा मला नवीन काहीच वाटलं नाही. मनात आलं, अरे, हा तर आमचा मेळ.

आम्ही धनगर. दहिवडीच्या पुढचं आमचं गाव, पाऊस नावाला. दिवाळी झाली की भावकीतली चार-पाच घरं मेंढरं एकत्र करून खाली कृष्णेच्या अंगाला उतरायची. घोड्यांवर संसार, मागं कुत्री, पुढं मेंढरं. कऱ्हाडाकडून सांगली, तासगावपर्यंत शेतकरी आपल्या रानात कळप बसवायला बोलवायचे, कारण मेंढरं बसून उठलेलं रान पुढं दोन वर्षं खत मागत नाही. पाऊस तोंडावर आला की परत वर, गावाकडे. मी शाळेसाठी आत्याकडे गावातच राहायचे, आणि परीक्षा झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मला तळावर घेऊन जायचे. तळ म्हणजे त्या त्या दिवशीचा आमचा मुक्काम. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला जाणाऱ्या पोरींचा मला हेवा वाटायचा, आणि आता त्या पोरी भेटल्या की त्यांना माझा वाटतो.

गावात रीत अशी होती, की जनावराची कुठलीही देवघेव बिरोबाच्या देवळापुढं, सगळ्या गावासमोर बोलायची. एक मेंढी इकडची तिकडे झाली तरी गाव बसायचं. गावात असताना ते ठीक. पण आठ महिने वाटेवर असताना कोकरं होणार, मेंढरं मरणार, अदलाबदल होणार. प्रत्येक वेळी माणूस गावाकडे धाडला असता तर राखणीला कोण राहिलं असतं? म्हणून वाटेवरचं सगळं तळावरच, सांजेला सगळ्या घरांसमोर बोलून मोकळं व्हायचं. आणि परत आल्यावर एका माणसानं देवळापुढं उभं राहून फक्त मेळ सांगायचा. या घराची मेंढरं एवढी, त्या घराची एवढी, मेंढे एवढे, कोकरं एवढी. मधली कटकट गावानं ऐकायची नाही.

मेळ सांगणारे आमचे आबा होते. लिहिता-वाचता यायचं नाही असं नाही, पण मेळ तोंडीच सांगायचा असतो म्हणून तोंडी. ते उभे राहिले की मला फार अभिमान वाटायचा. एरवी घरात तोंड न उघडणारा माणूस, देवळापुढं असा खणखणीत बोलायचा की पारावरची माणसं माना वळवायची. अजूनही कधी कामात एखादं गाठोडं साखळीवर चढताना दिसलं, की मला आबांचं ते डोक्यावरचं पिवळं मुंडासं दिसतं.

मेळ सांगून झाला तरी तो लगेच पक्का व्हायचा नाही. पुढच्या बाजारापर्यंत, म्हणजे आठवडाभर, सगळी मेंढरं देवळाशेजारच्या माळावर वाघरीत ठेवायची. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. ज्याला शंका असेल त्यानं आत जावं, मेंढरांचे कान बघावेत. प्रत्येक घराची खूण कानावर कापलेली असायची. आमच्या घराची डाव्या कानाच्या टोकाला. नुसता आकडा सांगून भागायचं नाही, मेंढरं समोर उभी पाहिजेत, तर कुणालाही तपासता येईल. आमच्या कामातही हेच आहे. मेळाबरोबर सगळा कच्चा तपशील उघड्यावर ठेवावा लागतो, नाहीतर हरकत घेणारा घेणार कशाच्या जोरावर? बाजाराच्या दिवशी देवळाचा पुजारी विचारायचा, कुणाचं काही हाय का. कुणाचं काही नसायचं. मग आबा मूठभर भंडारा वर उधळायचे, बिरोबाच्या नावानं चांगभलं व्हायचं, आणि मेंढरं घरोघर जायची. भंडारा उधळला की मग देवसुद्धा मेळ बदलू शकत नाही, असं म्हणायचे.

मला तो आठवडा जाता जायचा नाही. माझी लाडकी कोकरं वाघरीत अडकलेली, आणि मी कुंपणाबाहेर. आज आमच्यावर चिडणारे लोक बघते तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, कारण मीही तशीच धुसफुसत बसायचे.

ज्या वर्षाचं सांगते, त्या वर्षी आबा आणि थोरले चुलते वेगळे व्हायचे होते. भांडण नव्हतं. घर वाढलं होतं, चूल आधीच वेगळी झाली होती, फक्त मेंढरं राहिली होती. मेळ पक्का झाला की घरची मेंढरं दोन भावांत वाटायची, असं ठरलं होतं. यात आईच्या मेंढ्या येत नव्हत्या. आईला लग्नात तिच्या वडलांनी एक मेंढी दिली होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिच्या कानावर आजोळची खूण होती, उजव्या कानाच्या खालच्या कडेला खाच. ती आणि तिच्या दोन लेकी, अशा तीन मेंढ्या आईच्या. सासरी तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. अंगावरचं डोरलंही सासरचं होतं.

त्या साली तिन्ही मेंढ्या उशिरा व्यायल्या. तेव्हा आम्ही तासगावच्या बाजूला एका द्राक्षबागेच्या कडेला उतरलो होतो. बागवाल्याचा बेदाणा शेडमध्ये सुकत होता आणि अवेळी आभाळ भरून आलं. बेदाण्यावर पाऊस म्हणजे वर्षाची माती. आमच्या बायका पळाल्या, शेडवर ताडपत्र्या ओढायला. आईही गेली. इकडे पुरुषांना तळ हलवायचा होता, म्हणून हलवायच्या आधी नवीन कोकरांचे कान उरकून घ्यावेत असं ठरलं. आबांनी ओळीनं घरच्या सगळ्या कोकरांचे डावे कान कापले. आईच्या मेंढ्यांची तीन कोकरंही त्यातच. हात सवयीनं चालला, दुसरं काही नाही.

आई भिजून परत आली, कोकरं बघितली, आणि म्हणाली, ही तर माझी. आबा म्हणाले, व्हय की, सांजेला तळावर बोलू. पण सांजेला पाऊस, चिखल, एका घोड्याचा पाय मुरगळलेला. बोलायचं राहून गेलं. पुढं महिनाभर चालण्यात ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. फक्त आईच्या राहिलं.

गावात आलो. आबांनी मेळ सांगितला. मंडळींच्या माहेरच्या मेंढ्या तीन. आणि घरची कोकरं म्हणून जो आकडा सांगितला, त्यात आईची तिन्ही कोकरं गेली. मी आईकडे बघितलं. ती बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती, पदर कपाळापर्यंत, आणि जमिनीवर बोटानं रेघा मारत होती.

दुसऱ्या दिवशी घरी तिनं आबांना सांगितलं, तेव्हा मी तिथंच होते. आबा दोर वळत होते, त्यांचा हात थांबला. त्यांना आठवलं. चेहऱ्यावरून कळलं की आठवलं. पण ते म्हणाले, आता मी शब्द कसा फिरवू? मेळ मीच सांगितला, वाटणीही माझीच. मी बदलला तर लोक म्हणतील, भावाचं कमी करायला बदलला. हरकत ज्याची त्यानं घ्यायची असते.

म्हणजे आईनं. गावासमोर, पुरुषांच्या बैठकीत, स्वतःच्या नवऱ्याच्या मेळावर. आमच्याकडे बायकांनी हरकत घेऊ नये असा नियम नव्हता. नियमाची गरजच पडली नव्हती.

मग बाजारापर्यंतचे दिवस तसेच गेले. आई भाकरी करायची, पाणी आणायची, धुणं धुवायची. दुपारी वाघरीजवळ जाऊन उभी राहायची. मला वाटायचं ती कोकरांसाठी जाते, म्हणून मीही जायचे. ती त्यांच्याकडे बघायचीच नाही. देवळापुढच्या मोकळ्या जागेकडे बघायची, जिथं आबा उभे राहायचे. मला तिची फार कीव यायची आणि थोडा रागही यायचा, की एवढं काय, बोलून टाकावं. लहान होते. बोलून टाकणं किती जड असतं ते मला कुठून ठाऊक असणार.

बाजाराच्या दिवशी सगळं गाव जमलं. पुजाऱ्यानं विचारलं, कुणाचं काही हाय का. आबांनी भंडाऱ्याच्या पिशवीत हात घातला होता. आणि मागून आईचा आवाज आला.

"माजं हाय."

ती उठून पुढं आली. आबांकडे तिनं बघितलं नाही, म्हाताऱ्या माणसांकडे बघितलं. "आवं, घरच्या कोकरांत तीन माजी हायती. माज्या मेंढ्यांची. कान चुकून कापल्याती."

थोरले चुलते वाईट माणूस नव्हते. त्यांना चार लेकी होत्या आणि दोन सालं दुष्काळाची गेली होती. ते म्हणाले, कान बघा. कान बघूनच आजवर मेळ धरला, आता बाईमाणसाच्या आठवणीवर धरायचा का? माणसं मान डोलवायला लागली. त्यांचंही चूक नव्हतं. खूण खोटी ठरवली तर उद्या कुणीही उठेल.

तेव्हा आबा बोलले. "कान मीच कापलं. चूक माझी हाय. पर माझं बी ऐकू नगा. कोकरं सोडा."

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून हसली, आणि मग सगळ्यांच्याच ते ध्यानात आलं. कोकरांना दिवसा आयांपासून वेगळं ठेवतात. सांजेला सोडलं की प्रत्येक कोकरू त्या गोंधळात आपलीच आई शोधून काढतं, आणि दुसऱ्याचं कोकरू आलं तर मेंढी त्याला ढुसणी मारून हाकलते. त्याला ना कान लागतो ना साक्ष. भंडारा पिशवीतच राहिला. उशिरा झालेली सगळी कोकरं दिवसभर वेगळी कोंडली, बाजार तसाच टाकून गाव सांजेची वाट बघत बसलं. मी आयुष्यात इतक्या लोकांना कोकरांची इतकी वाट बघताना पाहिलेलं नाही.

सांजेला वाघर उचलली. सगळीकडून बें बें सुरू झालं, धूळ उडाली. दोन कोकरं तीरासारखी गेली आणि आईच्या मेंढ्यांच्या पोटाखाली घुसली. तिसरं, माझं सगळ्यात लाडकं, घरच्या दुसऱ्याच एका मेंढीकडे गेलं. आईनं माझा हात धरला आणि एवढा दाबला की बोटं दुखली. मेंढीनं मान वळवून त्याला हुंगलं आणि अशी ढुसणी दिली की ते कोलमडलं. उठलं, इकडे तिकडे बघितलं. पांढऱ्या ठिपक्याची म्हातारी मेंढी लांबून ओरडली, आणि ते तिच्याकडे पळालं.

थोरल्या चुलत्यांनी मोठ्यानं सांगितलं, ही तीन भावजयीची, माझं काही म्हणणं न्हाई. आबांनी तिथंच मेळ नव्यानं सांगितला आणि भंडारा उधळला. उधळताना त्यांनी एक चिमूट आईच्या कपाळाला लावली, सगळ्यांसमोर. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. पुढच्या सालापासून कोकरांचे कान कापताना आबा आधी तिला हाक मारायचे. म्हणायचे, बघून घे गं, मग ओरडू नगंस.

आता आमच्याकडे मेंढरं नाहीत. गावाला उपसा योजनेचं पाणी आलं, चुलतभाऊ डाळिंब करतात, तळावर जाणारं भावकीत एकच घर उरलंय. मेळ सांगत नाही कुणी, सांगायला काही राहिलं नाही. आबा गेले. आई माझ्याजवळ सांगलीत असते, आणि चौथ्या मजल्यावर राहायला लागलं याचा तिला अजून राग आहे. मला त्या माळाची इतकी आठवण येते, की कधी कधी काम करता करता मेंढरांचा वास येतो आणि मी खिडकी उघडून बघते. खाली रिक्षा असतात.

त्या दिवशी मी माझं मत लिहायला बसले. तांत्रिक मुद्दे माझ्याकडे होते. मुख्य साखळीवर गर्दी असेल किंवा कुणी मुद्दाम वाट अडवली, तर हरकत पोचायला वेळ लागतो, म्हणून मुदत मोठी हवी. दुसऱ्या जातीचीही लेअर टू नेटवर्क असतात. ती गाठोड्याबरोबर गणिती पुरावाच जोडतात, मग मुदतीची गरज उरत नाही. ते म्हणजे आधीच कोकरं सोडून दाखवल्यासारखं, आणि माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण आमचं नेटवर्क त्या जातीचं नाही. आमचं चालतं ते खोट दिसली तर एक तरी माणूस बोलेल, या भरवशावर. हे सगळं लिहून काढलं आणि तरी काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. आई शेजारी बसून बेदाण्याच्या काड्या निवडत होती. मी तिला विचारलं, तू तेव्हा पहिल्याच दिवशी का नाही गं बोललीस? चूक तर तुला तेव्हाच कळली होती.

तिला कशाबद्दल विचारतेय ते लगेच कळलं. इतकी वर्षं झाली तरी.

"पयल्या दिशी तोंडातनं शब्द फुटंना. रोज जाऊन त्या जागंला हुबी ऱ्हायची, आन माघारी यायची. बाजाराच्या दिशी बी वाटलं हुतं, न्हाई जमायचं." ती काड्या निवडतच होती. "आठवडा हुता म्हणून बोलले. एकच दिस असता तर गप बसले असते, आन मग जलमभर गपच ऱ्हायले असते."

मी लिहिलेलं सगळं पुसलं. नव्यानं लिहिलं, आपल्या नेटवर्कवर आजवर कुणी हरकत घेतली नाही, हे खरं आहे. आमच्या गावातही माझ्या आठवणीत ती एकदाच घेतली गेली, एका बाईनं. खोट दिसायला त्या बाईला एक क्षणही लागला नव्हता. बोलायला अख्खा आठवडा लागला. मुदत तेवढीच राहू द्या.